त्वचाप्रसाधने, घरगुती : बीड जिल्हा

त्वचेची स्वच्छता, स्निग्धता व संरक्षण यांसाठी घरात अथवा परिसरात मिळणाऱ्या वनस्पतिज, प्राणिज व खनिज द्रव्यांपासून घरच्या घरी तयार केलेल्या पदार्थांस घरगुती त्वचाप्रसाधने असे म्हणतात. उटणे, अभ्यंगाचे तेल, मेणाचे मलम, ओले लेप आणि केस धुण्याची चूर्णे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. यांतील बहुतेक प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. बीड जिल्ह्याचे कोरडे हवामान, तेथील पाण्याची टंचाई व शेतमजुरीचे स्वरूप यांमुळे मात्र त्यांना तेथे केवळ सौंदर्यवर्धनापलीकडचे महत्त्व आहे. अशा प्रसाधनांचा गुण व त्यांची सुरक्षितता ही त्यांतील औषधी द्रव्यांइतकीच त्यांत पाणी किती आहे यावर अवलंबून असते. परंपरेने टिकून राहिलेले बहुतेक प्रकार एकतर पूर्णपणे कोरडे असतात किंवा पूर्णपणे स्निग्ध असतात. पाण्याचा अंश असलेले पदार्थ ताजे करून लगेच वापरण्याचा प्रघात आहे. या प्रघातामागे निश्चित शास्त्रीय कारण आहे.

परिसर व गरज : बीड जिल्हा मराठवाड्यात असून त्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी नदी वाहते. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून पसरल्या असून मांजरा नदीचा उगम याच डोंगरांत, पाटोदा तालुक्यात होतो. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथील सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० मिमी. पेक्षा कमी असून पाऊस अनियमित असतो. १९७२ च्या तसेच २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांच्या दुष्काळांची झळ जिल्ह्यास तीव्रतेने लागली. उन्हाळ्यात कमाल तापमान ४०° से. च्या वर जाते, तर हिवाळ्यात हवा कोरडी व पहाटे थंड असते. अशा हवेत त्वचेतील ओलावा लवकर उडून जातो. ओठ, हातापायांची त्वचा व गाल उलतात.

जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. हा हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पती-पत्नीची जोडी हा कामाचा एकक असून त्यास ‘कोयता’ म्हणतात. पहाटेच्या थंडीत ओल्या पाचटात उभे राहणे, उसाच्या पानांच्या करवती कडांनी हातांवर ओरखडे उठणे, पानांवरील बारीक कुसळांमुळे खाज सुटणे आणि मोळ्या वाहताना टाचांवर भार येणे, हे या कामाचे नित्याचे भाग आहेत. मुक्काम कोप्यांवर असल्याने स्नानास पुरेसे पाणी मिळतेच असे नाही. टाचांच्या खोल भेगा (जळवात), बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या व तळहातांवरील घट्टे या तक्रारी अशा जीवनक्रमातून उद्‌भवतात. भेगेतून रक्त येऊ लागल्यास चालणे कठीण होते व त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे डबीभर मलम ही अशा कुटुंबास चैनीची नव्हे, गरजेची वस्तू ठरते.

प्राचीन परंपरा : ‘उटणे’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दापासून आला आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत दिनचर्येचा भाग म्हणून अभ्यंग व त्यानंतर उद्वर्तन सांगितले आहे. स्निग्ध द्रव्य मिसळून चोळण्यास उत्सादन व कोरडे चूर्ण चोळण्यास उद्घर्षण अशा वेगळ्या संज्ञाही आढळतात. चरकसंहितेत वर्ण उजळणाऱ्या दहा द्रव्यांचा ‘वर्ण्य’ हा गण दिला असून त्यात चंदन, वाळा (उशीर), ज्येष्ठमध, मंजिष्ठा व अनंतमूळ (सारिवा) यांचा समावेश आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांवर ‘गंधयुक्ति’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठवाड्याचा प्रदेश ज्यांच्या सत्तेखाली होता, त्या कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात स्नान व विलेपन यांचा राजाच्या उपभोगांमध्ये अंतर्भाव केलेला आहे.

राजवाड्यातील विलेपनात कस्तुरी-केशरासारखी मौल्यवान द्रव्ये असत. सामान्य घरांतून मात्र डाळीचे पीठ, हळद, तीळ वा करडईचे तेल आणि रानातील मुळ्या यांवरच भर राहिला. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान, विवाहातील हळद आणि बाळंतीण व तान्ह्या मुलास तेल लावून न्हाऊ घालणे या तीन प्रसंगांनी ही परंपरा घरोघर टिकवून ठेवली. या प्रसंगांसाठीची मिश्रणे बहुधा घरातील वयस्क स्त्रिया तयार करीत व त्यांची प्रमाणे तोंडी सांगितली जात.

त्वचेची रचना व प्रसाधनांचे कार्य : बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या कोशिकांचा असतो. त्यास शृंगस्तर म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी केवळ १० ते २० मायक्रोमीटर असते. कोशिकांच्या दरम्यान वसायुक्त द्रव्य भरलेले असते. विटांच्या भिंतीतील चुन्याप्रमाणे ते कोशिका सांधून धरते व आतील पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्वक्‌स्नेह ग्रंथींतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ या थरावर पसरतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लीय असून त्याचे पीएच मूल्य सु. ४·५ ते ५·५ असते. ही अम्लता अनेक रोगकारक सूक्ष्मजंतूंच्या वाढीस प्रतिकूल असते.

तळहात व तळपाय यांवर त्वक्‌स्नेह ग्रंथी नसतात आणि तेथील शृंगस्तर मात्र फार जाड असतो. तो कोरडा पडला की त्याची लवचिकता जाते व भार पडताच तो तडकतो. टाचांनाच भेगा का पडतात, याचे हे कारण आहे. त्यावरील उपायाचे तत्त्वही यातूनच स्पष्ट होते : आधी त्या थरात पाणी मुरू द्यावयाचे व मग ते उडून जाऊ नये म्हणून वर स्निग्ध आवरण द्यावयाचे. केवळ तेल लावल्याने कोरड्या त्वचेत पाणी येत नाही. ते असलेले पाणी अडवून धरते.

सामान्य साबणाचे द्रावण क्षारधर्मी असून त्याचे पीएच मूल्य ९ ते १० असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो व तो त्वचेवर बसतो. कोरड्या त्वचेस त्यामुळे खाज सुटते. रिठा व शिकेकाई यांच्या फळांतील सॅपोनीन या फेसाळ द्रव्यांचा कठीण पाण्यात असा साका होत नाही. डाळीचे पीठ हे तेल शोषून घेते व मळ घासून काढते. म्हणून कठीण पाण्याच्या प्रदेशात ही साधने विशेष सोयीची ठरतात. पीठ अंगावरून निघून जाण्यास मात्र पुरेसे पाणी लागते, ही त्यांची मर्यादा होय.

द्रव्ये : जिल्ह्यात व आसपासच्या भागात मिळणारी प्रमुख द्रव्ये पुढीलप्रमाणे आहेत.

तीळ तेल : अभ्यंगासाठी हे सर्वांत प्रशस्त मानले जाते. त्यात नैसर्गिक ऑक्सिडीभवन-विरोधी द्रव्ये असल्याने ते लवकर खवट होत नाही. करडई हे मराठवाड्याचे प्रमुख रब्बी तेलबी पीक होते व काही प्रमाणात आजही आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक अम्लाचे प्रमाण सु. ७५ टक्के असते. शृंगस्तरातील स्निग्ध द्रव्य तयार होण्यास हे वसाम्ल आवश्यक असते. परंतु त्यामुळेच हे तेल हवा व उजेड लागून लवकर खवट होते. ते थोडे थोडे आणून वापरावे लागते.

एरंडेल : एरंड शेताच्या बांधावर सहज वाढतो. घरी तेल काढताना बिया भाजून कुटतात व भरपूर पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून घेऊन ते तडतड थांबेपर्यंत पुन्हा तापवितात. एरंडाच्या बीमध्ये रिसीन हे तीव्र विष असते. ते तेलात उतरत नाही व उष्णतेने नष्ट होते. तथापि कच्च्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. हे तेल दाट व चिकट असल्याने टाचांवर टिकून राहते.

हळद : मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे हळदीचे मोठे केंद्र आहे. हळदीतील कुर्कुमीन हे पिवळे द्रव्य १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व देण्यात आले होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर हे तिचे महासंचालक असताना, हे ज्ञान भारतात पूर्वापार प्रचलित असल्याचे छापील पुरावे सादर केले व १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. घरोघरच्या ज्ञानास लिखित नोंदीची जोड का हवी, याचे हे उदाहरण होय. भारत व बांगलादेश येथे बाजारातील हळदीच्या काही नमुन्यांत शिशाच्या क्रोमेटाची भेसळ आढळली आहे. त्यामुळे प्रसाधनासाठी हळकुंडे आणून घरी दळणे अधिक सुरक्षित असते. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद सोडली असता शुद्ध हळद खाली बसते व पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाल्यास भेसळीचा संशय घ्यावा.

सुगंधी मुळ्या : वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद व अनंतमूळ ही द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानांतून मिळतात. यांपैकी नागरमोथा शेतात व ओढ्याकाठी तण म्हणूनही उगवतो. त्याच्या गाठी धुऊन, वाळवून वापरतात.

माती : मुलतानी माती ही बारीक कणांची, तेल शोषून घेणारी मृत्तिका आहे. दख्खनच्या काळ्या मातीतही त्याच प्रकारची माँटमोरिलोनाइट ही खनिज मृत्तिका मोठ्या प्रमाणात असते. नदीकाठची माती गाळून तिने केस धुण्याचा पूर्वीचा रिवाज यामुळे निराधार नव्हता. तथापि शेतातील मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके असू शकतात. म्हणून ती जखमेवर, भेगांवर वा तान्ह्या मुलांच्या अंगास कधीही लावू नये.

कृती : (१) उटणे. मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ ८ भाग, मुलतानी माती २ भाग, वाळा, नागरमोथा, कचोरा व वाळलेल्या गुलाबपाकळ्या प्रत्येकी १ भाग आणि हळद १/२ भाग हे एक सर्वसामान्य प्रमाण आहे. मुळ्या सावलीत इतक्या वाळवाव्यात की, मोडताना कट्‌ असा आवाज यावा. सर्व द्रव्ये वेगवेगळी कुटून वस्त्रगाळ करतात. चूर्ण जाडेभरडे राहिल्यास ते त्वचेवर ओरखडे काढते. चेहऱ्यासाठी व मुलांसाठी ते दोनदा गाळणे इष्ट असते. मिश्रण कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवतात. डाळीच्या पिठास कालांतराने जाळी धरते व त्यातील स्निग्धांश खवट होतो, म्हणून एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतेच चूर्ण करावे. अंगास तेल लावल्यानंतर लागेल तेवढेच उटणे वाटीत काढून पाण्यात वा दुधात कालवितात. कालविलेले उरल्यास ते टाकून द्यावे. बरणीत ओला चमचा किंवा ओला हात घालू नये.

(२) सिद्ध तेल. वनस्पतींचा गुण तेलात उतरविण्यासाठी शार्ङ्गधरसंहितेत दिलेले प्रमाण आजही पाळले जाते : वनस्पतीचा वाटून केलेला कल्क १ भाग, तेल ४ भाग व पाणी किंवा काढा १६ भाग. हे मिश्रण रुंद तोंडाच्या भांड्यात मंदाग्नीवर, ढवळत राहून आटवितात. पाणी संपत आल्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. कल्क बोटांत वळल्यास त्याची वात होते. ती विस्तवावर धरली असता तडतडत नाही. आणि तेलावर फेस येऊ लागतो. या खुणा पाण्याचा अंश निघून गेल्याच्या निदर्शक आहेत. पाणी उरले तर तेल काही दिवसांत आंबूस वासाचे होते. अंगास लावण्याचे हळद-कडुनिंबाचे तेल याच रीतीने तयार करतात. तेल गरम असताना त्यात पाण्याचा थेंब पडल्यास ते उसळून भाजण्याचा संभव असतो, म्हणून मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

(३) भेगांचे मलम. मधमाश्यांचे शुद्ध मेण १ भाग व तेल ५ ते ६ भाग यांचे मलम आयुर्वेदात सिक्थतैल या नावाने ओळखले जाते. मेण सु. ६२° ते ६४° से. तापमानास वितळते. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात ते वितळवून त्यात तीळ तेल घालतात व ढवळून स्वच्छ, कोरड्या डबीत ओततात. टाचांसाठी निम्मे तेल एरंडेल घेतल्यास मलम अधिक चिवट होते. बीडच्या उन्हाळ्यात मलम पातळ होते, म्हणून त्या ऋतूत मेणाचे प्रमाण वाढवून चार भाग तेलास एक भाग मेण घेतात. रात्री पाय १०-१५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, हलके पुसावेत आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावून सुती फडके वा मोजे घालावेत. पाणी कमी असल्यास ओल्या फडक्याने टाचा काही वेळ गुंडाळून ठेवल्या तरी चालते. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांस मात्र हे मलम लावू नये. तेथील त्वचा आधीच ओलाव्याने सडलेली असते. त्या जागा कोरड्या ठेवणे हाच पहिला उपाय होय.

(४) शतधौत घृत. गाईचे तूप तांब्याच्या परातीत घेऊन त्यात पाणी घालतात, तळहाताने घोटतात व पाणी ओतून देतात. ही क्रिया शंभर वेळा केल्याने तूप पांढरे, मऊ व लोण्यासारखे हलके होते. पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात अडकून बनलेले ते एक पायस असते. पाण्याचा अंश असल्यामुळे हे मलम थोडेच करून लवकर संपवावे.

(५) ताजे लेप. कोरफडीच्या गरात सु. ९८ ते ९९ टक्के पाणी असते. पान कापल्यावर निघणारा पिवळा, कडू चीक त्वचेस दाहक असल्याने पान काही वेळ उभे ठेवून तो निथळू देतात व नंतर गर काढतात. तो त्याच दिवशी वापरावा. दही, दूध, फळांचा गर व काकडीचा रस यांनाही हाच नियम लागू पडतो.

टिकाऊपणा : सूक्ष्मजंतूंना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. पदार्थातील मोकळ्या पाण्याचे मान जलसक्रियतेने व्यक्त करतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ मानली जाते. बहुतेक जंतू ती ०·९ च्या खाली गेल्यास वाढत नाहीत व ०·६ च्या खाली कवकेही वाढू शकत नाहीत. नीट वाळविलेले चूर्ण व पाणी आटविलेले तेल या मर्यादेच्या आत राहतात. म्हणून त्यांना परिरक्षक लागत नाही. याउलट कोरफडीचा गर व तेल एकत्र फेटून केलेली घरगुती ‘क्रीम’ काही दिवसांतच जंतूंचे आगर बनते. स्यूडोमोनस व स्टॅफिलोकॉकस या वंशांतील जंतू वास वा रंग न बदलताही तिच्यात वाढलेले असू शकतात. भेगाळलेल्या त्वचेस ती लावल्यास पू होण्याचा धोका असतो. लिंबाचा रस, मध किंवा कडुनिंबाचा अर्क घातल्याने अशी क्रीम टिकते हा समज चुकीचा आहे. ‘नैसर्गिक’ व ‘निर्धोक’ हे शब्द समानार्थी नव्हेत.

अपायकारक द्रव्ये : बिब्बा (लॅ. सेमेकार्पस ॲनाकार्डियम, कुल-ॲनाकार्डिएसी) हे महाराष्ट्राच्या पानझडी जंगलांतील झाड आहे. काटा मोडलेल्या जागी किंवा टाचेच्या भेगांत तापविलेल्या बिब्ब्याचे तेल भरण्याचा उपाय ग्रामीण भागात रूढ आहे. या तेलातील फिनॉल वर्गातील द्रव्ये त्वचेची तीव्र अधिहर्षता निर्माण करतात. लावलेली जागा काळी पडते, फोड येतात, सूज चढते व हाताने तेल इतरत्र लागल्यास तेथेही तेच होते. आयुर्वेदात बिब्बा शोधन केल्याशिवाय वापरीत नाहीत, यावरून त्याची उग्रता लक्षात येते. तेल लागल्यास ती जागा ताबडतोब साबणाने व भरपूर गार पाण्याने धुवावी.

सीताफळ (लॅ. ॲनोना स्क्वॅमोजा, कुल-ॲनोनेसी) बालाघाटच्या उतारांवर मोठ्या प्रमाणात वाढते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून अंबाजोगाई येथे सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. गर काढल्यावर बिया भरपूर उरतात व त्यांची पूड उवा मारण्यासाठी केसांस लावली जाते. बियांतील द्रव्ये कीटकनाशक असतात, हे खरे. पण पूड वा तिचे पाणी डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पटलास गंभीर इजा होते. अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय नेत्रवैद्यकात आहेत. त्यामुळे ही पूड केसांच्या वा चेहऱ्याच्या कोणत्याही प्रसाधनात घालू नये. उवांसाठी दाट दातांची फणी व आरोग्य केंद्रातील औषध हे सुरक्षित उपाय होत.

लिंबाचा रस तीव्र अम्लीय असतो. लिंबाची साल व रस आणि बावचीचे बी यांतील काही द्रव्यांमुळे त्वचा जंबुपार किरणांना संवेदनक्षम होते. ती लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे फोड येतात व मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. शेतावर राबणाऱ्यांनी ही द्रव्ये चेहऱ्यास लावणे विशेष धोक्याचे असते. खाण्याचा सोडाही त्वचेस लावू नये. तो तिची स्वाभाविक अम्लता घालवितो. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलांच्या पोटात गेल्यास विषबाधा होते, म्हणून ते त्यांच्या हातांस व तोंडाजवळ लावू नये.

नवे प्रसाधन वापरण्यापूर्वी ते कोपराच्या आतील बाजूस थोड्या जागी दोन-तीन दिवस लावून पाहावे. लाली, खाज वा पुरळ उठल्यास ते वापरू नये. उटण्याची परीक्षाही अशीच, पण लावून धुऊन टाकून करावी.

समजुती व मर्यादा : उटण्याने वर्ण गोरा होतो ही समजूत सर्वत्र आढळते. त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनीन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर व प्रकारावर ठरतो. ते बाह्यत्वचेच्या खालच्या थरात तयार होते. उटण्याने वरचा मळ व मृत कोशिका निघून त्वचा तुकतुकीत दिसते, हळदीने काही काळ पिवळी छटा येते. मूळ वर्ण बदलत नाही. तान्ह्या मुलीस गोरी करण्यासाठी पिठाने जोरजोराने घासणे हे तर निखालस अपायकारक असते, कारण अर्भकाची त्वचा अत्यंत नाजूक असते.

काही विकारांत घरगुती लेपाने नुकसान होते ते मुख्यतः कालहरणाने. फिकट वा लालसर, बधिर असलेला चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. या रोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतो व वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होऊन व्यंग टळते. महिनोन्‌महिने लेप लावीत राहिल्यास ही संधी जाते. खरूज झाल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा लागतो. गजकर्णावर दुकानातून आणलेली स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे लावल्याने ते तात्पुरते दबते व नंतर अधिक पसरते. मधुमेही व्यक्तींच्या पायांतील संवेदना कमी झालेली असते. त्यांच्या टाचेची साधी भेगही चिघळून गंभीर रूप घेऊ शकते. अशा प्रसंगी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्वचारोगतज्ञाकडे जाणे आवश्यक असते. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातील रुग्णांसाठी उपलब्ध आहे.

विक्री व कायदा : दिवाळीपूर्वी उटण्याची पाकिटे तयार करून विकणे हा महाराष्ट्रातील महिला बचत गटांचा एक परिचित हंगामी उद्योग आहे. घरच्या वापरासाठी प्रसाधन करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी मात्र १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम व त्याखालील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० हे लागू होतात. सौंदर्यप्रसाधनांचा या अधिनियमात समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला. उत्पादनासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो आणि वेष्टनावर घटकद्रव्ये, निर्मात्याचे नाव व पत्ता, उत्पादनाची तारीख व वापराची मुदत नमूद करावी लागते. एखादा रोग बरा करण्याचा दावा केल्यास ते उत्पादन प्रसाधन न राहता औषध ठरते व त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

उटण्यास महाग यंत्रसामग्री लागत नाही. ते कोरडे असल्याने परिरक्षकाची वा शीतगृहाचीही गरज पडत नाही. द्रव्यांची शुद्धता, पुरेसे वाळवण व वस्त्रगाळ चूर्ण या तीन गोष्टी सांभाळल्या की घरगुती परंपरेतील या पदार्थाचा दर्जा राखता येतो. मेणाच्या मलमासही हेच लागू पडते. त्यास लागणारे तेल जिल्ह्यातील तेलबियांपासून मिळू शकते, आणि त्याची सर्वाधिक गरज असलेला ऊसतोड कामगार वर्गही याच जिल्ह्यातून दरवर्षी हंगामास बाहेर पडतो.